तीळ असलेलं कार्ड

आमची पोरगी गेल्यावर नवऱ्याला जुन्या पोस्टकार्डांचं वेड लागलं. तीही साधी कार्डं नव्हेत. संग्रहालयातल्या चित्रांची, आमच्या आजोबांच्या काळात छापलेली. त्यातही एकाच चित्राची: खिडकीशी उभी राहून संत्रं सोलणारी मुलगी.

पोरगी सहा वर्षांची होती, तापाने गेली. आठवडा उलटायच्या आत यांनी तिचे सगळे फोटो जाळले. का, तर मला रडू येऊ नये म्हणून. मला विचारायची तसदी घेतली नाही. ते मी आजवर माफ केलेलं नाही.

मग भंगारबाजारात यांना ते पहिलं कार्ड सापडलं. त्यातल्या मुलीच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता. आमच्या पोरीलाही डोळ्याखाली तीळ होता. यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "अगं, बघ. आपलीच आहे."

"डोंबलाची आपली," म्हणत मी भांडी घासायला गेले.

तेव्हापासून बुटांच्या खोक्यांत तीच मुलगी साठत गेली. हे भिंग लावून बसायचे. केस पिकले, पण तीळ दुसऱ्या कुठल्याच कार्डावर मिळाला नाही. "छापणारे आळशी," म्हणायचे. "मूळ चित्रात असणारच." एवढ्या एका आशेवर माणूस जगत होता, म्हणून मी तोंड आवरून होते.

शेवटी परवा आगगाडीने त्या संग्रहालयात गेलो. चित्र जेमतेम ताटाएवढं होतं. गाल स्वच्छ. यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिथे चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई होत्या, त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"आजोबा, छापताना कचरा अडकला असेल. शाईचा डाग आहे हा."

बाहेर बाकावर येऊन बसलो. आज सगळं सुनावायचं, असं मी ठरवून आले होते. पण यांचा चेहरा पाहिला आणि राग कुठल्या कुठे गेला.

कार्ड खिशात ठेवत यांनी विचारलं, "अगं, आपल्या पोरीचा तीळ डाव्याच डोळ्याखाली होता ना?"

"आई आहे मी तिची. मला विचारता?" म्हणत मी दाखवायला बोट उचललं. आधी डाव्या गालाशी नेलं, मग उजव्या. हे बघत राहिले. मला सांगता येईना.