काटा शून्यावर

चावी गाडीतच असायची. माझा नवरा डेल्मर मुद्दाम ठेवायचा. म्हणायचा, "नेल्डा, बहिणीकडे जायचंय ना? जा की! पेट्रोल कुठनं आणशील?" आणि दात काढायचा, मुडदा.

बहीण साठ मैलांवरच्या गावात. मधे कुरणं नि वारा, दुसरं काही नाही. आमच्या जुन्या पिकअपचा काटा सहा वर्षं शून्यावर. लागेल तेवढंच डब्यानं ओततो, म्हणायचा डेल्मर. या गाडीची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे. आत काही डचमळलं की म्हणायचा, "गंजाचं पाणी ते."

एकदा थंडीत निघाले होते मी. अकराव्या मैलावरच्या पवनचक्कीपाशी काट्याकडे बघून धीर सुटला. बर्फात गाडी बंद पडली तर गोठून मरायचं. परत आले. त्यानं माझी दोन बोटं दारात चेंगरून मोडली.

यंदा टाकी गळायला लागली. नवी आली, सोबत काट्याला आतली पातळी कळवणारा नवा फ्लोटही. रविवारी डेल्मरचा भाऊ येऊन बसवणार होता. शनिवारी दुपारी डेल्मर कुंपण दुरुस्तीला गेला. मी गॅरेजवाल्याची लेक. म्हटलं, आपणच बसवू. एकदा काटा खरं बोलायला लागला, की पुन्हा निघता येईल.

सीट काढली, नळी घालून पेट्रोल ओढलं. एक डबा भरला. दुसरा भरला. तिसराही भरला, तशी मी मातीतच बसले.

मग वायर दिसली. तुटलेली नव्हती, गंजलेलीही नव्हती. जुन्या फ्लोटवरून काढून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळलेली होती. देवा रे! सहा वर्षं मार खाल्ला मी, भरल्या टाकीशेजारी!

"कुणी सांगितलं गं हात लावायला?" डेल्मर मागे उभा. माझ्या बरगडीत त्याचा बूट बसला. दुसरी लाथ पोटात. तिसरीच्या आत जॅकचा दांडा माझ्या हाताला लागला. गुडघ्यावर हाणला. कडकन आवाज झाला. तो पडला, तरी अजून एक हाणला. घराच्या दारामागे ठेवलेल्या बंदुकीकडे सरपटायला लागला, तेव्हा मनगटावर घातला. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मग काम उरकलं. नवी टाकी चढवली, फ्लोट बसवला, वायर जोडली. तो धुळीत विव्हळत शिव्या देत होता. मधेच ओरडला, "अर्थिंग कोण लावणार, गधडे? तुझा बाप?"

खरंच राहिली होती. लावली.

तिन्ही डबे ओतले, चावी फिरवली. काटा हळूहळू चढला आणि पाऊण टाकीवर थांबला.

"नेल्डा, मला असं टाकून जातेस?"

"गावात पोचले की फोन करते तुझ्या भावाला. तोवर लोळ."

पवनचक्की आली, तसं मी काट्याकडे पाहिलं. जेमतेम हलला होता. त्या दिवशीही टाकीत एवढं असणारच. मोडकी बोटं स्टिअरिंगवर आवळून मी ढसाढसा रडले. गाडी मात्र थांबवली नाही.