मागच्या सीटखालचा सॉकेट

बाबांच्या खोलीत विजेवर चालणाऱ्या सहा वस्तू होत्या: दोन दिवे, एक पंखा, रेडिओ, मोबाइलचा चार्जर आणि ऑक्सिजनचं मशीन. पहिल्या पाच बंद पडल्या तर गैरसोय झाली असती. सहावी बंद पडली तर बाबांच्या हातात साधारण पाच मिनिटं होती. मशीन पंधरा किलोचं, खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला तीन लिटर देणारं. त्यातून निघणारी नळी बारा मीटरची. तेवढ्या नळीत बाबा स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकू शकत, बाथरूमला जाऊ शकत, पण फाटकापर्यंत पोहोचत नसत. उंबऱ्यावर नळी ताणली जायची, आणि ते तिथूनच पेपरवाल्याशी भांडायचे.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. दादा त्याच्या संसारासह शहराच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टर घरी येऊन तपासून जायचे. दिवे गेले तर मोठा इन्व्हर्टर होता, पण तो भिंतीला ठोकलेला. तीन वर्षं बाबांनी घर सोडलं नव्हतं, आणि तीन वर्षं ते आत्याला भेटले नव्हते.

आत्या एकशे चाळीस किलोमीटरवर, मुलगा आणि सुनेकडे राहायची. बाबांहून आठ वर्षांनी मोठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला खाटेवरून खुर्चीत बसवणं हाच प्रवास होता. शिवाय तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. आम्ही व्हिडिओ कॉल करून पाहिला तेव्हा ती म्हणाली, "मला तुझं कपाट छान दिसतंय रे ढब्बू. त्याच्या पुढे बसलायस तो काही दिसत नाही." बाबा लहानपणी गुटगुटीत होते म्हणून ढब्बू. आता त्यांचं वजन बावन्न किलो होतं आणि नाव तेच.

मग रोज संध्याकाळी साधा फोन. आत्या आधी ऑक्सिमीटरचा आकडा विचारायची. एकदा बाबांनी ब्याण्णव सांगितल्यावर म्हणाली, "मी एकोणऐंशीवर आहे, वयानं. तू उतरतोयस, मी चढतेय, मध्ये कुठेतरी गाठ पडेल." बाबा इतके हसले की आकडा सत्त्याऐंशीवर आला आणि फोन ठेवावा लागला. हसणं झालं की तिचं एकच मागणं असायचं. तो किती वाळलाय हे सगळे तिला सांगतात, तिला ते हातानं बघायचं होतं. एकदा त्याचा चेहरा हाताला लागू दे, मग खुशाल भांडू.

भेट अवघड होती, अशक्य नव्हती. ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन दादाच्या गाडीतून जाता आलं असतं. पण बाबा वेल्डिंगच्या कारखान्यात फोरमन होते. तिथे एकदा पडलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तुटला आणि तो सिलिंडर विटांची भिंत फोडून पलीकडच्या माणसावर गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "बॉम्ब मांडीवर घेऊन बहिणीकडे जाऊ?" एवढंच ते म्हणत. अँब्युलन्समध्येही सिलिंडरच, आणि वर तिच्या दारात अँब्युलन्स उभी राहिली तर ती भीतीनंच जाईल, हे त्यांचं दुसरं कारण. त्यावरून आत्यानं त्यांना महिनाभर बोलून घेतलं, ते ढिम्म हलले नाहीत. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन आम्ही दोन दिवस भाड्यानं आणून पाहिलं. ते नाकानं श्वास घेतला की तेवढ्यापुरता ऑक्सिजन सोडतं. बाबा बोलायला लागले की ते चुकायचं आणि आकडा ऐंशीच्या खाली यायचा. आणि जायचं होतं ते बोलायलाच.

इलेक्ट्रिक गाडीचा विषय दादानं काढला. त्याची जुनी गाडी मोडीत निघायला आली होती आणि पेट्रोलला तो वैतागला होता. मला त्यात दुसरंच दिसलं. त्या गाडीच्या बॅटरीत पन्नास युनिट वीज मावते. बाबांचं मशीन तासाला एक तृतीयांश युनिट घेतं. म्हणजे बाबांना सहा दिवस पुरेल एवढी वीज चाकांवर उभी राहणार होती. प्रश्न फक्त ती बाहेर काढायचा होता.

शोरूममध्ये कळलं की ती सोय सध्याच्या गाडीत नाही. नव्या गाडीत येणार होती: मागच्या सीटखाली घरच्यासारखा सॉकेट, गाडी पळत असतानाही चालणारा. ती गाडी सात महिन्यांनी. सेल्समनला मी विचारलं, त्यातून किती वॅट मिळतील. तो म्हणाला, मॅडम, मिक्सर चालतो. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, मोठा मिक्सरपण चालतो. दादानं मला कोपरानं ढोसलं. शेवटी आतून कुणीतरी कागद आणून दिला. आकडा पुरेसा होता, आमच्या गरजेच्या चौपट.

दादाचं मत, आत्ताचीच घ्यावी. भरपूर सूट होती, आठवड्यात गाडी मिळत होती, आणि त्याच्या ओळखीचा एक फिटर बाहेरून इन्व्हर्टर बसवून द्यायला तयार होता. बाबांचं तर बूट घालून तयार व्हायचंच बाकी होतं. मी म्हटलं, आधी तपासून बघू. मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथून वीज मोजायचा मीटर आणला, दुकानदाराकडून तसलंच दुसरं मशीन मागून घेतलं आणि फिटरच्या शेडमध्ये, तशाच एका गाडीवर, तीन तास चालवून पाहिलं. दोन तास होऊन गेल्यावर इन्व्हर्टर तापून बंद पडला. दुसऱ्या दिवशी तीन तास व्यवस्थित चालला. तिसऱ्या दिवशी पन्नास मिनिटांतच बंद.

बाबा म्हणाले, बंद पडला तर गाडी थांबवायची, गार होऊ द्यायचा. मी म्हटलं, गार व्हायला वीस मिनिटं लागतात. ते म्हणाले, मग पंधरा मिनिटं मी श्वास रोखून धरतो. दादा हसला, मी नाही, आणि मग घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

शेवटी बाबांनी प्रकरण आत्याकडे नेलं. त्यांची खात्री होती. ही बाई दूध उतू जाईपर्यंत थांबत नाही, कच्चंच पिते, असं ते तिच्याबद्दल सांगत. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाले, सांग तिला सगळं. मी सांगितलं: आत्ताची घेतली तर पुढच्या रविवारी येऊ, सॉकेटवाली हवी तर सात महिने.

"शास्त्रज्ञ," आत्या म्हणाली, "वाटेत ते बंद पडलं तर?"

"पाच मिनिटं ठीक. मग नाही."

"आणि पडेल?"

"तीनदा बघितलं. दोनदा पडलं."

बाबा फोनकडे वाकून म्हणाले, "ताई, ही पोरगी स्वतःच्या सावलीला घाबरते. तू बोल, मी निघतो."

"थांबा," आत्या म्हणाली. "सॉकेटवालीच घ्या. सात महिने काय, असे जातील. मी कुठे पळून चाललेय? मला तर उठताही येत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते म्हणाले, "तुलाच मी यायला नकोय."

"नकोच आहेस. आल्यापासून खायला मागशील."

आम्ही सॉकेटवाली बुक केली. बाबांनी दुसऱ्या दिवशी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला: ढब्बू फुगलाय का, मग तर नाव शोभतं. तिथून पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर आत्या रोज काहीतरी विचारायची. नळी किती लांब आहे? बारा मीटर म्हटल्यावर तिनं सुनेकडून, म्हणजे वहिनीकडून, गाडी उभी राहते तिथपासून खाटेपर्यंतचं अंतर मोजून घेतलं. तेरा भरलं. तिला मशीन गाडीतून काढायचंच नव्हतं. नळी खिडकीतून बाहेर घ्यायची आणि बाबांनी तसंच चालत आत यायचं, मध्ये एक श्वासही चुकायला नको. म्हणून अंगणातल्या दोन मोठ्या कुंड्या हलवून गाडीला पुढे जागा करायचं ठरलं. त्या कुंड्या कुणी हलवायच्या यावरून आमच्या आतेभावाला तिनं किती दिवस छळलं ते तो मला फोनवर सांगायचा. "आई म्हणते, तुला जमत नसेल तर मी उतरते खाली."

सात महिन्यांनी कंपनीचा निरोप आला की गाड्या दोन महिने उशिरा मिळतील. बाबांनी आत्याला ते सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. तिचे फोन तोवर आखूड झाले होते. दम लागतो, ती म्हणायची, तुझी साथ लागली. बाबा म्हणायचे, ऊठसूट माझी नक्कल करते.

गाडी यायला तीन आठवडे उरले असताना सकाळी आतेभावाचा फोन आला. आत्या पहाटे झोपेतच गेली होती.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. थोड्या वेळानं शांतपणे म्हणाले, "अँब्युलन्स बोलाव. आता ती घाबरणार नाही."

मी म्हटलं, सिलिंडर असेल. ते म्हणाले, असू दे.

अँब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसानं बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, त्र्याऐंशी आले. त्यानं थांबून पुन्हा लावला, तेवढेच. तो म्हणाला, काका, या आकड्यावर मी तुम्हाला फक्त हॉस्पिटलला नेऊ शकतो. बाबा उंबऱ्यावर उभे होते, अंगात बाहेर जायचा शर्ट. त्यांनी त्याला आधी रागावून, मग हळू आवाजात, मग हात जोडून विचारलं. तो खरंच वाईट वाटल्यासारखा उभा राहिला, आणि अँब्युलन्स रिकामी गेली.

दादा एकटा गेला, जुन्या गाडीतून. तिथे पोहोचल्यावर त्यानं बाबांना फोन लावला आणि चालूच ठेवून शर्टाच्या खिशात टाकला. बाबा दुपारपर्यंत फोन कानाला लावून बसले. मीही मध्ये ऐकून पाहिलं. कापडाची घसट, कुणीतरी खुर्च्या सरकवतंय, कुणीतरी गाडी मागे घ्या म्हणतंय. शब्द असे फार कळत नव्हते. मी फोन ठेवू का विचारलं तर त्यांनी मान हलवली, नको.

दादानं नंतर चाचरत विचारलं की बुकिंग रद्द करायचं का. बाबा म्हणाले, "मी तिला येतो म्हणून सांगितलंय."

गाडी आली त्या रविवारी आम्ही निघालो. सॉकेट आणि दुकानदाराकडून पुन्हा मागून आणलेलं दुसरं मशीन यांच्यामध्ये मी माझा मीटर जोडला. दादा चालवत होता. बाबा मागे, मशीनच्या शेजारी, खिडकीबाहेर बघत. आकडा नव्वदच्या वर राहिला. वाटेत एकदा दादाला म्हणाले, केवढी शांत चालते रे.

आतेभावानं गाडी जिथे लावायला सांगितली तिथे फरशीवर कुंड्यांच्या बुडांचे दोन गोल डाग होते. मी नळी खिडकीतून बाहेर घेतली. बाबा ओसरी चढले, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेले आणि आत्याच्या खाटेवर बसले. नळी पुरली. कुणी काही सांगितलं नव्हतं तरी ते खाटेच्या भिंतीकडच्या अंगाला सरकून बसले, दुसऱ्या कुणाला जागा ठेवल्यासारखे.

वहिनी पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "मामा, एक सांगायचं राहिलंय. आईंनी शपथ घातली होती."

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. गाडीबद्दल आमचा तो फोन झाला त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी आत्याच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं सांगितलं होतं. या वयात ऑपरेशन नाही. पाच-सहा महिने, फार तर. त्या फोनच्या वेळी वहिनी याच खोलीत होती. फोन ठेवल्यावर आत्या तिला म्हणाली होती, सात महिने तरी ढब्बू घरातच सुखरूप राहील.

"मला सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच आठवड्यात निघाला असता."

"निघालोच असतो."

"त्यांना तेच नको होतं, मामा."

बाबांनी विचारलं, वाट बघत होती का. वहिनी खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, रोज विचारायच्या, गाडीचं काय झालं. शेवटच्या पंधरा दिवसांत बोलवत नव्हतं तर हातानं स्टिअरिंग फिरवून विचारायच्या.

बाबा बराच वेळ उशीवर हात ठेवून बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या फिटरकडे तीनपैकी एकदा चाललं होतं ना?"

"हो. पण दोनदा नाही चाललं, बाबा."

"मी एकदाचंच विचारतोय."

"हो. एकदा चाललं होतं. तीन तास."

"तीन तासात आपण इथे असतो."

"हो."

दादा बाहेर जाऊन उभा राहिला. वहिनीनं पाण्याचा पेला स्टुलावर ठेवला. बाबांनी तो घेतला नाही. उन्हं खिडकीतून भिंतीवर आली तेव्हा ते आपणहून उठले आणि नळी गोळा करत बाहेर आले.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. बाबांना खोलीत आणून घरच्या मशीनला जोडलं आणि मी मीटर काढायला गाडीत परत गेले. गाडीच्या बॅटरीत बावीस टक्के चार्ज उरला होता. गाडीतल्या मशीननं दिवसभरात तीन पूर्णांक एक युनिट वीज घेतली होती. वीज किती वेळा तुटली, तो मीटरवरचा आकडा शून्य होता.