पुतळाबाईंचं सामान

मी ट्रंक बोलतेय. पत्र्याची, हिरव्या रंगाची आणि जन्माने कराचीची. दचकू नका! भिवपुरीजवळच्या या घरात मला पाच वर्षं झाली, अजून कुणाला चावलेली नाही.

माझ्या मालकीणबाई पुतळाबाई मूळच्या इथल्याच. नवरा कराचीच्या बंदरात कामाला, म्हणून लग्न होऊन तिकडे गेल्या. वर्षभरात फाळणी झाली आणि माहेर परदेशात गेलं. थोरली बहीण जानकीबाई इथेच राहिल्या. व्हिसा मिळून दोघी भेटल्या त्या ब्याऐंशीच्या श्रावणात, केस पिकल्यावर.

निघताना पुतळाबाईंनी शेजारणीच्या सोन्याच्या बांगड्या मागून हातात घातल्या. मला हसू आलं. इथे येऊन बघते तर जानकीबाईंच्या स्टुलावर टेबलफॅन! तो फिरायचा मात्र नाही.

"लाइट गेलीय गं," जानकीबाई म्हणायच्या. आठ दिवस लाइट गेलेलीच होती, आणि पलीकडे वीजघराच्या वसाहतीत दिवे लखलखत होते.

पुतळाबाईही काही कमी नव्हत्या. "आमच्याकडं घरात नळ हाय. चोवीस तास पानी," असं सांगायच्या. नळ होता, हे खरं. पण पाणी यायचं एक दिवसाआड, तेही तासभर. भरलेले हंडे माझ्याच डोक्यावर ठेवत, मला ठाऊक नसेल तर कुणाला?

बिंग फुटलं ते तांदूळ धुताना. पुतळाबाईंनी धुवण फेकलं नाही. हात धुतले त्याखालीही घमेलं धरलं आणि ते पाणी पाय धुवायला बाजूला ठेवलं. परसातली विहीर तुडुंब भरलेली, आणि ही अशी जपते पाणी! जानकीबाई बघतच राहिल्या.

"पुतळे, खरं सांग. नळाला पानी येतं का गं?"

तेवढ्यात वसाहतीतला कमळाकर दारात आला. "मावशी, घरी पाव्हणे आलेत. आमचा पंखा नेऊ का?"

दोघी आधी हसल्या, मग गळ्यात पडून रडल्या.

"ह्या बांगड्याबी माझ्या नायत गं," पुतळाबाई म्हणाल्या. "तू घोर लावून घेशील म्हनून घातल्या."

"मी तरी पंखा कशाला आनला असंल, येडे?"

पुढचे दिवस दोघी खरं बोलल्या. तिकडे वीज आहे, डॉक्टर गल्लीतच आहे, पाणी नाही. इकडे पाणी आहे, घरचा भात आहे, दवाखाना दोन कोसांवर. मी दोन्ही घरं पाहिलीत. कुठलं बरं, असं मला विचारू नका. तिकडे बहीण नव्हती, इकडेही नव्हती, आणि हीच उणीव मला सगळ्यात मोठी वाटली.

मुदत संपली. "राहा ना गं," जानकीबाई म्हणाल्या.

"लेकरं तिकडं हाईत, आक्का." पुतळाबाईंनी मला रिकामं केलं आणि लुगडी गाठोड्यात बांधली. "ट्रंक हितं राहू दे. सामान हाय म्हंजे मी परत येनार."

त्यानंतर दोनदा व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला. सून माझ्यात गोधड्या ठेवायला येते, तर जानकीबाई तिला अडवतात, "पाव्हनीचं सामान हाय ते." पावसाळ्यात माझ्या कड्यांना गंज चढतो. त्या खोबरेल लावून पुसतात.

शिक्के मारणाऱ्या साहेबांनो, मला गंजून जायला अजून पुष्कळ वर्षं लागतील. या दोघींकडे तेवढी नाहीत.