हिल्माच्या पेटीची झडप

आमच्या शेजारचा अर्विड कोस्केला मनाने वाईट नाही. पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. आयुष्य गेलं माझं त्याच्या कुंपणाला लागून, म्हणून सांगते.

त्याची बायको लेम्पी नोव्हेंबरात पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं. चालायला लागली तर घरी, नाहीतर कायमची तिथेच, असं डॉक्टरने अर्विडला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि लेम्पी चालायला बघत होती ती एकाच कारणाने. मागच्या ओसरीवर तिची हिल्मा होती.

हिल्मा म्हणजे एक करडी, कान फाटलेली मांजर. सहा वर्षं लेम्पीच्या हातचं खाल्लं, पण घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. तिच्यासाठी अर्विडनेच ओसरीवर लाकडी पेटी करून ठेवली होती. आत पेंढा, पुढे वीतभर भोक. ओसरीवर एक कॅमेराही लावला होता. रोज दुपारी तो शुश्रूषागृहात जाऊन हिल्माचे फोटो दाखवायचा. लेम्पी ते बघायची आणि वॉकर मागायची. "तुझ्या हातचं तिला गोड लागत नाही रे," म्हणायची. "मलाच यायला हवं."

जानेवारीत पेटीत रॅकून शिरला, म्हणजे तो डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजरापेक्षा थोराड चोरटा प्राणी. हिल्माचं खाणं फस्त करून तिच्याच पेंढ्यात ढेरी वर करून झोपला. अर्विडने काठीने हुसकावला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. फुकटचं घर कोण सोडतो?

रेडिओवर वादळाचा इशारा आला त्या सकाळी अर्विड पेटीच्या भोकावर जाड प्लास्टिकची झडप ठोकत होता. मी कॉफीचा कप घेऊन कुंपणाशी गेले.

"ही ढकलून आत जायचं, हे हिल्माला कोण सांगणार?" मी विचारलं.

"पेंढ्याचा वास येईल ना. जाईल."

"अरे, थोडे दिवस वर बांधून ठेव. मग रोज जराजरा खाली सोड. माझ्या बहिणीने तिच्या मांजराला असंच शिकवलं."

"आणि तोवर आत रॅकूनची धर्मशाळा? आज तळ्यावरून काय वारा सुटणार आहे, ऐकलंस ना? जागा रिकामी नको तिला?"

"जागा रिकामी आहे हे तिला कळलं पाहिजे, अर्विड. जन्मात कुठल्या दारातून गेलेली नाही ती."

"मांजर आहे. तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

भिंतीवर डोकं आपटून डोकंच फुटतं. मी घरी आले.

वादळ रात्रभर होतं. सकाळी वारा पडला तेव्हा अर्विड माझ्या दारात उभा होता, टोपीही न घालता. मला बघताच मागे वळला. मी त्याच्या मागोमाग गेले.

पेटीसमोरचा बर्फ त्याने हातांनी उकरला होता. हिल्मा तिथेच होती, पाय पोटाखाली घेऊन, तोंड झडपेकडे. पार लाकूड झाली होती. मी झडप उचलली. आत रॅकून गाढ झोपला होता.

कॅमेऱ्यातले रात्रीचे फोटो आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पाहिले. रॅकून आला, झडप दोन्ही पंजांनी चाचपली, कड उचलली आणि आत गेला. दारं त्याच्यासाठीच असतात, त्याला हात आहेत. हिल्मा नंतर आली. एकदा नाक लावलं, एकदा पंजा लावला, मग बसली. पुढच्या प्रत्येक फोटोत ती तशीच, फक्त पाठीवरचा बर्फ वाढत गेलेला. आणि भिंतीपलीकडे हा बाबा निश्चिंत झोपला होता. मला त्याचा इतका राग आला की रडूही आलं.

"लेम्पीला एवढ्यात सांगू नकोस," मी म्हटलं. "आधी चालू दे तिला."

दुपारी मी त्याच्याबरोबर गेले. त्याने फोनवरचा एक जुना फोटो काढून तिच्या हातात दिला. लेम्पीने तो बोटांनी मोठा केला.

"झडप कुठाय?"

"अं?"

"काल फोनवर सांगत होतास ना, मोठी झडप बसवली म्हणून. यात तर नुसतं भोक आहे. आजचा दाखव."

मी थाप मारायला तोंड उघडलं, पण अर्विडने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. रॅकूनचंसुद्धा. लेम्पी रडली नाही.

"किती वेळ बसली होती?"

"रात्रभर."

"आणि तू घरात."

"मला वाटलं, आत आहे ती."

लेम्पीने फोन पालथा करून पांघरुणावर ठेवला. तेवढ्यात चालण्याचा सराव करून घेणारी मुलगी वॉकर ढकलत आली. "चला आजी, आज जिन्यापर्यंत जायचं ना?"

"घेऊन जा तो," लेम्पी म्हणाली. "मला कुठे जायचं नाही."

"उद्या जाऊ मग," मुलगी म्हणाली.

"उद्याही नको," लेम्पी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.