तयार ठेवलेली गाडी

"गाडी बघायला गेलीस ना, की आधी विकणाऱ्याकडे बघ," असं तिचे बाबा म्हणायचे. "गाडी रोज त्याच्या हाताखाली असते. तिला काय झालंय ते त्याच्या अंगावर दिसतं. मग खुशाल बोनेट उघड."

बाबांचं गॅरेज होतं आणि ती तेव्हा कॉलेजात होती, म्हणजे बापाला अक्कल शिकवायचं वय. "बाबा, मी गाडी पसंत करणार आहे, नवरा नाही," असं म्हणून तिने तेवढा एक सल्ला उडवून लावला. बाकीचं सगळं मात्र डोक्यात पक्कं बसलं. बोनेट आधीच गरम लागलं तर समजावं, गार गाडी चालू व्हायला त्रास देते आणि विकणारा ते लपवतोय. पत्र्यावरून लोहचुंबक फिरवावा; जिथे चिकटणार नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. बाबा गेले तेव्हा बाकी भावंडांनी काय काय घेतलं, हिने रुमालात बांधलेला तो चुंबक घेतला.

आणि आता तो पर्समध्ये टाकून ती नवऱ्यासोबत जुनी स्पोर्ट्स कार बघायला निघाली होती. दोन सीटची, कापडी छताची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी. नवऱ्याला शाळेत असल्यापासून असल्या गाडीचं वेड. दोन सीटच्या गाडीत तीन माणसं कुठे बसणार, हे तिने चारदा विचारून झालं होतं आणि चारही वेळा त्याने "बघू गं" म्हटलं होतं. तिसरं माणूस दीड वर्षाचं होतं आणि तिच्या कडेवर होतं. ते माणूस झोपलं की रोज त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघणारी ती बाई. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सासूबाई म्हणत. कौतुकाने म्हणत की कसं, ते तिने कधी विचारलं नाही.

गल्लीच्या टोकाला बसकं घर होतं आणि घराला चिकटून गाडीची खोली. शटर कमरेइतकंच वर होतं.

"या, या, डोकी सांभाळा!" आतून आवाज आला. "शटर गंजलंय, माझा खांदा गेलाय; हे एवढंच वर जातं. तेसुद्धा आज तुमच्यासाठी शेजाऱ्याला बोलावलं. एरवी मी स्वयंपाकघराच्या दारातून आत येतो, शटरला हातच लावत नाही."

काका सत्तरीच्या पुढचे. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि एका गालावर दाढीचा पट्टा तसाच राहिलेला. पुलांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलेलं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. "गाडी आणि मी जवळजवळ एका वयाचे," ते म्हणाले. "फरक इतकाच, की तिला रंग मारता येतो."

नवरा हसला. तिने बोनेटवर हात ठेवला. चांगलंच गरम.

"काका, आधीच चालू करून ठेवली होती वाटतं?"

"रोज करतो. सकाळी चहा घेऊन अर्धा तास आत बसतो. आमची ही शेजारी बसून पेपर वाचून दाखवायची. तेव्हा शटर सताड उघडं असायचं. आता माझा मीच वाचतो. पण हल्ली डोकं फार जड होतं हो, मळमळतं. अक्षरं नुसती पोहतात. वय झालं."

"वयच ते," नवरा म्हणाला, पण त्याचा जीव स्टिअरिंगमध्ये अडकला होता. तिने त्याला कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाली, "छान गोष्ट रचलीय. गरम करून ठेवलीय, कळलं?"

मग नवऱ्याने इंजिन चालू केलं आणि ती मुलीला मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली. कान देऊन दहा मिनिटं आवाज ऐकला. आवाज गोड होता. त्याचाच तिला संशय आला.

इंजिन बंद करून ती कामाला लागली. मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि चुंबक काढला. डाव्या दरवाज्याच्या खालच्या भागावरून तो टपकन खाली पडला. "पुट्टी," ती म्हणाली. काका ओशाळून हसले. बोनेटखाली, इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप जिथे जोडला होता, तिथे काजळीचा जाड थर होता. पायांखालचा गालिचा उचलला, तर पत्र्याला दोन बोटं जातील एवढं भोक.

"काका, हे बघा! सांधा फुटलाय आणि तळ सडलाय. धूर सगळा सरळ आत येतो. ही गाडी या किमतीला कोण घेईल?"

आपल्या आवाजातला विजय तिला स्वतःला ऐकू आला, आणि तो तिला आवडला.

"असं होय?" काकांचा चेहरा लाल झाला. वही तपासायला दिलेल्या पोरासारखे ते उभे होते. "मला वास येतच नाही हो, किती वर्षं झाली. माहीत असतं तर जाहिरातीतच लिहिलं असतं."

नाटक, असं तिने मनात म्हटलं.

निघताना काकांचा तोल गेला. त्यांनी गाडीच्या कडेला धरलं आणि "पाय अडखळला" म्हणून हसले. ती म्हणाली, "उद्या सकाळी नऊला येतो, एक चक्कर मारू. तयार ठेवा गाडी."

"ठेवतो की! अगदी तयार ठेवतो."

कोपऱ्यावर आल्यावर नवरा खुशीत म्हणाला, "म्हणजे घ्यायची?"

"काही यायचं नाहीये उद्या," ती म्हणाली. "जरा ताटकळू देत. दुपारी फोन करू. भाव आपोआप खाली येतो."

दुपारी मुलगी मलूल झाली. दोनदा ओकली, मान टाकून निजली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "बंद खोलीत कुठे होता का? शेगडी, गीझर, चालू गाडी?" "चालू गाडी," ती म्हणाली. धुरातला विषारी वायू अंगात गेला होता. मुलीला दोन तास ऑक्सिजन दिला. संध्याकाळी पोर डॉक्टरांचा चष्मा ओढायला लागली, तेव्हा त्यांनी घरी सोडलं.

घरी आल्यावर तिने सात वेळा नाकाखाली बोट धरलं. आठव्या वेळी तिला काका आठवले. डोकं जड होतं. मळमळतं. अक्षरं पोहतात. फुटलेला सांधा, तळाचं भोक, खाली ओढलेलं शटर, रोजचा अर्धा तास. सगळं तिनेच तर एकेक करून शोधलं होतं, आणि भाव पाडायला वापरलं होतं.

तिने फोन हातात घेतला. पण बोलणार काय? तुमच्या गाडीतून विष येतं हे मला सकाळीच दिसलं, पण मी त्याची फक्त किंमत केली? आणि उद्या आम्ही यायचोही नव्हतो? उद्या सकाळी लवकर सांगू, असं ठरवून तिने फोन चार्जिंगला लावला.

मुलगी रात्रभर कुरकुरली, सगळ्यांनाच उशिरा जाग आली. नऊला वीस मिनिटं होती. तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. "तयार ठेवतो" हे शब्द आठवले आणि ती मुलीला शेजारणीच्या हातात कोंबून नवऱ्यासोबत पायऱ्या उतरली.

शटर जमिनीपर्यंत बंद होतं. आत इंजिन चालू होतं.

नवऱ्याने खांदा लावून शटर उचललं. काका स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते, आज दाढी नीट केलेली. शेजारच्या सीटवर एक लहान उशी सुतळीने बांधून ठेवली होती, मुलीला बसायला. तिने काकांच्या नाकाखाली बोट धरलं. कितीतरी वेळ काही नाही. मग अगदी बारीक, ऊब लागली. नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि दोघांनी त्यांना ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी डोळे उघडून तिला ओळखलं. मास्क बाजूला करून म्हणाले, "माफ करा हं, तुमचा खोळंबा झाला. मी आठलाच चालू करून बसलो होतो. गार असताना जरा कुरकुर करते, म्हटलं तुम्ही आल्यावर पंचाईत नको."

"नाही काका," ती म्हणाली. "आम्हालाच यायला उशीर झाला."

नवऱ्याने मास्क पुन्हा काकांच्या नाकावर नीट बसवला.

गाडी त्यांनी घेतली नाही. सांधा मात्र बाबांच्या एका जुन्या माणसाकडून बदलून दिला, तळाचं भोक बुजवलं, शटरही दुरुस्त करवलं. दर रविवारी ती काकांकडे जाते. ते मुलीला उशीवर बसवून पेपर वाचून दाखवतात, शटर सताड उघडं असतं. "तुम्ही त्या दिवशी आलात म्हणून मी आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि ती खाली मान घालून कप विसळायला उठते. खरं काय ते अजून तिच्या तोंडून निघालेलं नाही.

तुमच्याकडे मात्र तिचं एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत सकाळी एखाद्या बंद शटरमागून इंजिनाचा आवाज येत असेल आणि आतलं माणूस एकटं राहत असेल, तर उद्यावर टाकू नका. आत्ता उठा, जाऊन शटर वाजवा. गाडीचं काही विचारू नका. बरं वाटतंय ना, डोकं जड होतं का, एवढं विचारून या.