मावशींची जागा

मी नाश्त्याचं टेबल बोलतोय, आणि रागावून बोलतोय. आवाज चढवायची मला सवय नाही. सावकाश बोलेन, पण बोलेन.

समुद्राच्या बाजूच्या गल्लीत मावशींचं घर आहे. नवरा गेल्यावर त्यांनी वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. रात्रीचा मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. तेव्हा त्यांनी सुताराला सांगितलं, "लांबलचक कर बाबा, सगळे एकत्र बसले पाहिजेत. आणि स्वयंपाकघराच्या बाजूला मला जागा ठेव." त्यानं तासून, घासून मला उभं केलं.

पाहुणे खाली यायचे ते पायांना वाळू लावून, डोळे चोळत. अंडी, पाव, लोणी, फळं मांडून झाली की मावशी आपला कप घेऊन त्या जागेवर बसायच्या. "झोप लागली का? त्या खोलीत लाटांचा आवाज फार येतो हो." एवढं विचारलं की माणसं सैल व्हायची. रुसून आलेलं जोडपं लोण्याची वाटी एकमेकांकडे सरकवायचं. माझ्याखाली च्युइंगगम चिकटवणारेही असायचे. तेही मी पोटाशी धरलं.

मग गॉगलवाले साहेब उतरले. मावशींनी विचारलं तर नुसतं "हूं", डोळे फोनमध्ये. परत गेल्यावर त्यांनी फोनवरून जगाला कळवलं : खोली स्वच्छ, नाश्ता उत्तम, पण मालकीणबाई पाहुण्यांच्या टेबलावर येऊन बसतात.

पाहुण्यांच्या टेबलावर! मी कुणाचं टेबल ते यांनी ठरवायचं?

मावशींच्या मुलानं ते आईला वाचून दाखवलं. मुलगा वाईट नाही. खोल्या रिकाम्या राहिल्या की त्याचा जीव खालीवर होतो.

"आई, उद्यापासून तू चहा आत घे."

"अगं बाई! मी माझ्याच घरात कुणाच्या वाटेत येते का रे?"

"तसं नाही गं. लोकांना प्रायव्हसी लागते हल्ली."

"मग तंबू ठोकून राहा म्हणावं."

थट्टा केली त्यांनी, पण दुसऱ्या दिवशी चहा घेतला ओट्याशी, उभ्यानं. त्यांची खुर्ची वर न्हाणीघराबाहेर गेली, पाहुण्यांचे ओले टॉवेल टाकायला.

परवा एक बाई एकटीच आली होती. सकाळी तिनं पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. माझ्यावर थेंब पडले, ते चहाचे नव्हते. शेजारचे चमचे वाजवत राहिले. मावशी दारापर्यंत आल्या. मुलाकडे पाहिलं. मग त्यानं शिकवलेलं वाक्य म्हणाल्या, "अजून काही हवंय का?"

बाईनं मान हलवली, बॅग उचलली आणि गेली.

त्या दिवशी मी आतून तडकलो. चार पाय आहेत मला, पण एक पाऊल टाकता येत नाही.

आणि आज मुलगा मिस्त्रींना घेऊन आलाय. मला कापून दोन-दोन माणसांची छोटी टेबलं करायची आहेत, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड बघायला नको. पेन्सिलीची रेघही मारून झाली.

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. मावशींनी वरून आपली खुर्ची एकटीनं खाली आणली, टॉवेल कोपऱ्यात भिरकावला, आतून कप आणला आणि आपल्या जागी बसल्या. कोपर बरोबर रेघेवर.

"आई, मिस्त्री खोळंबलेत."

"माझा चहा व्हायचाय."

"अगं, पण..."

"चहा व्हायचाय म्हटलं ना!"

असा आवाज या घरानं कधी ऐकला नव्हता. मिस्त्रींनी करवत भिंतीला टेकवली आणि ते खिडकीबाहेर समुद्र बघू लागले. मुलगा नखं खात उभा राहिला.

आता ऊन माझ्या मध्यापर्यंत आलंय. कप कधीच रिकामा झालाय. मावशी तो उचलतात, ओठाला लावतात, खाली ठेवतात. वजनावरून मला कळतं, पण मी कुणाला सांगायचा नाही.

तुम्ही पाहुणे असाल आणि घाईत असाल, तर बाहेर कुठेतरी खाऊन घ्या. इथे मावशींचा चहा चाललाय.