हवामानाच्या बातम्या ऐकणारा नागोराव

बोरखडीच्या ग्रामपंचायतीत रेडिओ आला आणि महिनाभरात गावानं तो आपसांत वाटून घेतला. पोरं गाण्यांना जमायची, शेतकरी कापसाच्या भावाला, म्हातारी माणसं भजनाला. नागोराव मात्र फक्त हवामानाच्या बातम्यांना यायचा. दिवस मावळायच्या सुमाराला तो खालच्या आळीतून वर चढायचा आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून उभा राहायचा. ओट्यावर बस असं त्याला कोणी म्हणत नव्हतं, बसू नको असंही कोणी म्हणत नव्हतं. नागपूरहून बाई तापमान सांगायची, पाऊस सांगायची, आणि नागोराव मान हलवत ऐकायचा, जसा कोणी घरचा निरोप ऐकावा. बातम्या संपल्या की धोतराचा सोगा सावरून तो आल्या वाटेनं परत जायचा.

घरचाच निरोप होता तो. त्याची एकुलती एक पोरगी, सत्यशीला, मुंबईच्या हवामान कचेरीत नोकरीला होती.

छप्पन्न साली दीक्षा घेऊन आला तेव्हा नागोरावानं दोन गोष्टी केल्या होत्या. गंगी नावाच्या आपल्या पोरीचं नाव बदलून सत्यशीला ठेवलं, आणि बापजाद्यांपासून चालत आलेला कोतवालकीचा, दवंडीचा डफ पैनगंगेत सोडून दिला. गावकीची कामं सोडली म्हणून गावानं वर्षभर त्याला मजुरीला बोलावलं नाही. त्या वर्षी तो आणि त्याची बायको रुखमाबाई ढाणकीच्या बाजारात हमाली करून जगली. पोरगी पुसदला वसतिगृहात राहून शिकली, मग नागपूरला, आणि मग एकदम मुंबईलाच गेली. तोवर रुखमाबाई वारली होती. आळीतली बाकीची घरंही एकेक करून उठली, कोणी वणीकडच्या कोळसा खाणींवर गेलं, कोणी नागपूरच्या गिरणीत. खालच्या अंगाला नदीच्या तोंडाशी नागोरावाचं घर तेवढं राहिलं. दोन-दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे, कारण ज्याच्याशी बोलावं असं कोणी नव्हतं.

उन्हाळ्यात सत्यशीला आठ दिवसांसाठी आली होती. बापलेकीची बोलायची सवय मोडली होती. जेवताना दोघं ताटाकडे बघत. शेवटी एका संध्याकाळी नागोरावानंच विचारलं.

"तू तठी करतं तरी काय वं माय? पाऊस तर आपल्या आपण पडते."

सत्यशीला हसली. "बाबा, अमेरिकेनं आभाळात एक यंत्र सोडलं आहे. उपग्रह म्हणतात त्याला. तो पृथ्वीभोवती फिरतो आणि वरून ढगांचे फोटो काढतो. रोज आमच्या डोक्यावरून जाताना तो फोटो खाली धाडतो. आमच्या यंत्रात कागदावर एकेक रेघ उमटत जाते, आणि बघता बघता सगळे ढग दिसायला लागतात."

"अन् तू?"

"ढगांखाली देश कुठं आहे ते कळत नाही ना. मी त्यावर देशाचा काठ काढते, नद्या काढते. मग सगळे येतात बघायला."

"सगळे म्हणजे कोण?"

"जहाजवाले. विमानवाले. धरणाचे इंजिनिअर. समुद्राचा अभ्यास करणारे, त्यांना वारा कुठं वळतो ते पाहिजे असतं. टोळधाडीवाले येतात, कारण टोळ पावसाच्या मागं जातात. एक म्हातारे प्रोफेसर तर ढग बघतच नाहीत. ढग नसतात तिथं अरबस्तानातली धूळ दिसते का, ते शोधतात. फोटो एकच, पण ज्याला जे पाहिजे ते तो त्यातून काढतो."

नागोरावानं विचारलं, "आपलं घर दिसते का त्याच्यात?"

"नाही बाबा. यवतमाळसुद्धा दिसत नाही. फक्त ढग."

मग तिनं चुलीतली राख अंगणात पसरली आणि बोटानं त्यात एक मोठं चाक काढून दाखवलं. बंगालच्या समुद्रात असं चाक उठतं, फिरत फिरत रायपूरवरून आपल्याकडे येतं, आणि त्याच्या डाव्या खालच्या अंगाला पाऊस सगळ्यात जास्त कोसळतो. नागोरावाला यातलं किती कळलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना तेवढी जागा त्यानं वगळली.

ती गेल्यावर तो बातम्यांना नेमानं जाऊ लागला. नागपूरची बाई बोलायची, पण त्याला वाटायचं, यातलं एखादं वाक्य तरी आपल्या पोरीच्या हातातून आलं असेल.

श्रावण सरत आला होता. चार दिवसांपासून उघडीप होती आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. त्या संध्याकाळी रेडिओवरची बाई म्हणाली, बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा रायपूरच्या आसपास असून पश्चिमेकडे सरकतो आहे, विदर्भात काही ठिकाणी अतिवृष्टीचा संभव आहे. लोक भाव ऐकायला थांबले होते. नागोराव बुंध्यापासून सुटून ओट्याजवळ आला.

"बाबारावजी," तो सरपंचाला म्हणाला, "पाणी येते आता. वर पुसदकडे, वाशीमकडे पडन, अन् नदी आपल्या अंगावर येईन. खालच्या लोकायले उठवा लागते."

बाबारावनं आभाळाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "रेडिओवाले रोजच सांगतात, नागोराव. पण तुले एवढं वाटते तर दे ना दवंडी. गोविंदा कोतवाल सासरवाडीले गेलता, अजून आला नाई. डफ आत टांगला आहे. तुह्या हाताले तर ठाऊक आहे ते काम."

नागोरावाच्या हाताला खरंच ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "डफ नाई वाजवणार मी. तोंडानं सांगतो."

"तोंडानं कोण ऐकते बाप्पा?"

खरं होतं ते. गावाच्या खालच्या बाजूची दारं त्यानं एकामागून एक वाजवली. "मी नागोराव. पोरगी हवामानात आहे माही. रात्रीतून वर चला, नदी येते." कोणी हसलं, कोणी हो म्हणून दार लावून घेतलं. हंसाबाई म्हणाली, "तुह्या पोरीले म्हणा, माह्या पोराच्या लग्नाचं सांग आभाळात पाहून." तरी दोन-चार घरांनी धान्याची पोती वर हलवली. शेजारी हलला म्हणून आणखी काही हलले.

मग त्याला बंजारा तांड्याची गुरं आठवली. नदीच्या अगदी काठाला, गाळाच्या सपाटीवर, रामधन आणि त्याची बायको बिजलीबाई तांड्याची शंभरेक गुरं घेऊन बसायची. नागोराव तिकडे पळाला. पोचल्यावर धापा टाकतच त्यानं पोरीचं आणि नदीचं सांगितलं.

रामधननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आभाळ तर कोरं आहे. एवढी गुरं माळावर कायले चढवू? एखाद्या गायीचा पाय मोडला तर तांडा मले विचारन."

बिजलीबाई मात्र नागोरावाच्या तोंडाकडे बघत होती. "तुह्या पोरीनं डोळ्यानं पाह्यलं का हे?"

नागोराव थबकला. आज ती कामावर होती की रजेवर, हेही त्याला माहीत नव्हतं. तीन महिन्यांत तिची काही खबर नव्हती.

"हो," तो म्हणाला. "पाह्यलं."

बिजलीबाईनं काठी उचलली. मग रामधननंही उचलली. शेवटचं वासरू माळावर चढलं तेव्हा उजेड गेला होता आणि पश्चिमेला वीज चमकत होती. त्या दोघांनी नागोरावाला परत जाऊ दिलं नाही. बिजलीबाईनं आपल्याच पातेल्यातली आमटी त्याला वाढली आणि तिघं एका घोंगडीखाली बसली.

सकाळी उठून पाहिलं तर सपाटी नव्हती. गढूळ पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यात झाडं, ओंडके, कोणाची तरी कडब्याची गंजी. दुपारपर्यंत पाणी चढतच राहिलं. माणूस एकही गेलं नाही. पण खालच्या बाजूच्या घरांच्या भिंती बसल्या, आणि सगळ्यात आधी नागोरावाची. दुसऱ्यांची दारं वाजवता वाजवता स्वतःच्या दाराची आठवणच त्याला झाली नव्हती.

पाणी ओसरल्यावर गाव त्याला हात जोडू लागलं. "कोतवालानं सांगितलं म्हणून वाचलो," असं जो तो म्हणू लागला. अकरा वर्षांपूर्वी त्यानं टाकून दिलेलं नाव लोकांनी कौतुकानं उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात घातलं. हंसाबाई पायलीभर ज्वारी घेऊन आली. "धर, कोतवाल," म्हणाली. नागोरावाला ती परत करायची होती, पण पोटात काही नव्हतं. त्यानं घेतली.

पंधरा दिवसांनी नागपूरहून एक इंजिनिअर आला आणि पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा शाळेच्या भिंतीवर लाल रंगानं करू लागला. नागोरावानं विचारलं, हे कायले?

"त्या दिवशी ढग किती होते ते वरून काढलेल्या फोटोत आहे," तो म्हणाला. "पाणी किती आलं ते इथं आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. पुढल्या वेळी फोटो पाहिला की नदीचा अंदाज यावा."

"मंग हे मुंबईले जाईन?"

"जाईल. धरणवाल्यांकडे जाईल, शेतीवाल्यांकडे जाईल. पुढं कोण कोण वापरतं, आम्हालाही पत्ता नसतो."

नागोरावाला बरं वाटलं. सत्यशीला आली तेव्हा पहिली गोष्ट त्यानं तीच सांगितली. दोघं पडक्या घराच्या जोत्यावर बसली होती. पुराचं तिनं उशिरा, जुन्या वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि तशीच निघून आली होती. चेहरा उतरला होता तिचा, दंडावरची चोळी सैल झाली होती.

"तुह्या फोटोनं गुरं वाचली तांड्याची," तो म्हणाला. "मी सांगतलं त्यायले, पोरीनं डोळ्यानं पाह्यलं म्हणून."

सत्यशीलेनं जोत्यावरचं एक ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी कामावर नव्हते. विषमज्वरानं तीन आठवडे खोलीवर पडून होते. फोटोवर दुसऱ्याच कोणीतरी रेघा काढल्या."

नागोरावानं मान वर केली. रोज संध्याकाळी बुंध्याला टेकून तो बातम्यांना पोरीचा निरोप समजत होता, तेव्हा ती तापात पडलेली होती, आणि रेडिओनं त्याला पुण्या-नागपूरचं तापमान सांगितलं होतं, तिचं नाही.

"कोण होतं तुह्याजवळ?"

"कोणी नाही."

"पाणी कोण देत होतं?"

"मीच उठत होते, बाबा."

तो उठला आणि उगाचच मातीच्या ढिगाकडे जाऊन उभा राहिला. रामधननं घरासाठी धाडलेली लाकडं तिथं रचलेली होती. सागाचीच होती, चांगली सरळ. त्यावरून हात फिरवून तो परत आला.

"ही लाकडं रामधनले वापस देतो," तो म्हणाला. "मी येतो तुह्यासंगं."

"तिथं तुम्हाला करमेल का?"

"अठी कुठं करमून राह्यलं?"

सत्यशीलेच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. मग तिनं अडचण सांगितली. ती राहत होती त्या मुलींच्या वसतिगृहात पुरुषाला जागा नव्हती. खोली भाड्यानं शोधावी लागेल, आणि आडनाव ऐकल्यावर खोली देणारे तिथंही फार नव्हते. नागोराव म्हणाला, शोधू. दोघं मिळून दारं वाजवू.

निघायच्या दिवशी गावातून कोणी आलं नाही, मूग-उडीद काढायची घाई होती. बिजलीबाई तेवढी तांड्यावरून भाकरी बांधून घेऊन आली आणि ढाणकीच्या मोटारीत त्याच्या हातात पुडकं देऊन उतरली. मोटार हलली. सत्यशीला खिडकीशी बसली होती, आजारातून उठलेली, थोड्याच वेळात तिची मान बापाच्या खांद्यावर कलंडली. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर झोपायची तेव्हा वजन कमी होतं की आता, हे त्याला आठवेना. रस्ता खड्ड्यांचा होता. दर खड्ड्याला तिची मान घसरू नये म्हणून नागोरावानं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवला, आणि पुसद येईपर्यंत सोडला नाही.